दुपट्ट्याखालचा भाव

हे सगळं मी एका हातानं लिहिते आहे. वही घसरू नये म्हणून तिच्यावर शिवणाची मोठी कैची ठेवली आहे. डावा हात मोकळा नाही. तो कुठे अडकला आहे ते सांगेन, पण त्याआधी बाजार सांगावा लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई येडी झाली. झालीच असेन म्हणा. गेल्या दीड महिन्यात माझं डोकं ठिकाणावर नाही.

माझा बाप समोर बाजेवर पडला आहे. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. त्या हातानं तो मला काहीतरी सांगायचा आणि मला ते कळत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, जेवढे दिवस आहेत तेवढे. म्हणजे दिवस मोजके, बाप एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतोय, आणि पोरगी ठोंबी. आतल्या आत जीव नुसता जळत होता.

म्हणून परवा मी बैलबाजाराच्या मैदानावर गेले. बाबाच्या बाजारातल्या जोडीदाराला, उस्मानचाचाला शोधायला. बाबाची ती बोटांची भाषा वाचणारं दुसरं माणूस मला माहीत नव्हतं. राळेगावहून एसटीनं पाऊण तास. फाट्यावर उतरले आणि वाटलं, चुकीच्या गावी उतरले. मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यांत पांढरे दगड रोवलेले, आणि मधोमध हा मोठा बोर्ड. प्लॉट विकणे आहे, चौरस फुटाला इतके. भाव लाल अक्षरांत, रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधूनही वाचता येईल असा. मी त्या बोर्डाकडे पाहतच राहिले. ह्याच मैदानावर माझ्या बापानं सारी जिंदगी भाव झाकण्यात घालवली होती.

कडुलिंबाची दोन झाडं राहिली आहेत. जवळ जाऊन बुंध्याला हात लावला. दाव्यांनी घासून घासून पडलेली खाच अजून तिथंच आहे, कमरेएवढ्या उंचीवर, काचेसारखी गुळगुळीत. बोट फिरवलं तसं काय झालं कोण जाणे, मला एकदम शेणाचा वास आला. मैदानात एक जनावर नव्हतं. पण वास आला, खोटं नाही सांगत.

सोमवारचा तो वास वेगळाच असायचा. ताजं शेण, तुडवलेला कडबा, शिंगांना लावलेला ओला हिंगूळ, आणि त्या सगळ्यावर भज्यांच्या कढईतलं तेल. दिवाळीनंतरच्या थंडीत जनावरांच्या पाठीवरून वाफा निघायच्या. उजाडायच्या आतच रस्ता वाजू लागायचा, घुंगरमाळांनी, खुरांनी, हाकांनी. लांबच्या गावचे लोक आदल्या दिवशीच येऊन लिंबाखाली उतरलेले असायचे. दगडांच्या चुली धुपत असायच्या. मी आणि बाबा पायी निघायचो, मी पुढे, तो मागे. आई गेल्यावर मला घरी ठेवणार कोणाजवळ? म्हणून मी बाजारात. त्या सगळ्या मैदानात फ्रॉकवाली मी एकटी, दोन वेण्या, लाल रिबिनी. लोक म्हणायचे, "नामदेवा, पोरगी विकाले आणली का बे?" बाबा म्हणायचा, "तुह्या सात पिढ्या विकल्या तरी भाव नाई पुरायचा." मी फुगून जायची.

बाबा दलाल होता. दलाल म्हटलं की लोक नाक मुरडतात, मुरडोत बापडे. शेतकरी आपली जोडी त्याच्या स्वाधीन करून लिंबाखाली बिडी ओढत बसायचा, इतका भरवसा. घेणारा यायचा, बैलाचे दात पाहायचा, खांदा दाबायचा, शेपूट उचलायचा, चालवून पाहायचा. मग बाबा खांद्यावरचा दुपट्टा काढायचा. पांढरा, लाल काठाचा. तो दोघांच्या मधोमध धरायचा आणि त्याखाली दोन हात एकमेकांत जायचे.

भाव तोंडानं बोलायचाच नाही, ही तिथली रीत. बोटांनी बोलायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, पाचही धरली तर पंजा. बोटाचं वरचं पेर दाबलं तर अर्धा. शेकडे का हजार, ते जनावर पाहून ज्याचं त्यानं समजायचं. आणि तोंडानं दोघांच्या गप्पा चाललेल्या असायच्या. यंदा तुरीला फूल बरं आहे, तुमच्या पोरीचं जमलं का, मुकुटबनकडे पाणी झालं म्हणतात. दुपट्टा खालून हलत असायचा, चेहरे मात्र देवळात बसल्यासारखे. कधी हात लगेच बाहेर यायचे, कधी चहा थंड होईपर्यंत आतच. जमलं की तिसरा माणूस दोघांच्या हातांवर टाळी मारायचा. तेवढाच काय तो आवाज.

मी एकदा विचारलं होतं, "बाबा, झाकता कायले? सांगून टाकत जा नं."

"उघडा भाव साऱ्या बाजाराचा होते," तो म्हणाला. "एखाद्यानं गरजेपायी कमी घेतलं तं त्याची लाज बाकीच्याईले काहून दिसावी? झाकला का दोघांचाच राह्यते. मेल्यावरबी दोघांचाच."

त्या दुपट्ट्याखाली त्याच्या हाताशी सगळ्यात जास्त वेळा आलेला हात उस्मानचाचाचा. चाचा व्यापारी, उंच, मेंदी लावलेली दाढी, अंगाला अत्तराचा वास आणि त्याच्याखाली बैलाचा. दोघं एकमेकांना बाजारात लबाड म्हणायचे आणि बाजार उठल्यावर एकाच बशीत चहा ओतून प्यायचे. ईदला त्याच्याकडून शेवया, पोळ्याला आमच्याकडून पुरणपोळी. तेव्हा यात कोणाला सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

भाव कशावर ठरतो हे मी त्या मैदानावर उभी राहून शिकले. दातांवर, खुरांवर, चालीवर. आणि भोवऱ्यांवर. बैलाच्या अंगावर केसांचा भोवरा कुठे आहे, यावर माणसं मागे सरकायची. वशिंडाच्या मागे भोवरा असला तर खलास. तो मालकाला खातो म्हणायचे. बैल सोन्यासारखा असला तरी भाव अर्धा. बाबा घरी हसायचा, "केसं काय नांगर ओढते का बे?" पण बाजारात तोही तेवढं कापूनच भाव सांगायचा. जग कापते, म्हणायचा, मी एकटा काय करू.

आणि आमच्या चिमण्याला नेमका तिथंच भोवरा.

चिमण्या म्हणजे आमच्या गायीचा गोऱ्हा. व्याल्यावर चौथ्या दिवशी गाय मेली. तो उभा राहायचा, थरथरायचा, खाली बसायचा. मी वाटीत दूध घ्यायची, बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायची आणि हळूहळू हात वाटीत खाली न्यायची. असं करत करत तो प्यायला शिकला. जीभ कशी, पापड भाजायच्या जाळीसारखी खरबरीत. माझी बोटं पांढरी पडून सुरकुतून जायची, शाळेत पाटीवर अक्षर काढता यायचं नाही. तो मोठा झाला, दावणीला बांधू लागले, तरी मी दिसले की मान लांब करून बोटंच शोधायचा. त्याचं दावं बाबानं स्वतः वळलं होतं, अंबाडीचं, मध्ये माझ्या जुन्या रिबिनीची लाल पट्टी गुंफून. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा मोठ्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावायचा, तेव्हा मी चिमण्यालाही लावायची. त्यानं अजून जू पाहिलंही नव्हतं. बाबा म्हणायचा, "काम न करता खांदे शेकून घेते, सरकारी नोकर हाय हा."

सांजच्याला जेवण झालं की बाबा मांडीवर दुपट्टा पसरायचा. हा आमचा खेळ. मी त्याखाली हात घालायची आणि तो भाव दाबायचा. गुळाचा भाव किती? एक बोट. शेजारच्या काकूचा? अर्धं पेर. आम्ही दोघं तोंड दाबून हसायचो. मग मी विचारायची, "अन् चिमण्याचा?" बाबा पाचही बोटं धरायचा. मग पुन्हा पाच. मग पुन्हा. दाबतच राहायचा, दाबतच राहायचा, मला गुदगुल्या होऊन मी लोळायला लागायची. "मोजत राह्य," म्हणायचा, "या हाताची बोटं सरली, दुसऱ्या हाताची उसनी दे."

आणि मग एका सोमवारी बाबानं मला बाजारात न नेता शाळेत धाडलं; मी शाळेतून आले, फ्रॉकच्या खिशात त्याच्यासाठी चोरलेली मूठभर सरकी होती, आणि दावणीला फक्त दावं होतं.

आमच्याकडे जनावर विकतात, दावं विकत नाहीत. दाव्यात घरची लक्ष्मी राहते म्हणतात. घेणाऱ्यानं स्वतःचं दावं आणायचं, विकणाऱ्यानं आपलं सोडवून घरी न्यायचं. पायलीभर सोनं आणलं तरी दावं द्यायचं नाही, बाबा म्हणायचा. तर ते दावं खुंटीला लटकत होतं, गाठ सोडलेली, लाल पट्टी वर आलेली. शेण अजून ओलं होतं.

काहून विकला ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. कितीला विकला तेही नाही. उस्मानचाचानं घेतला एवढंच कानावर आलं. बाबानं येताना जिलबी आणली होती, कागदातून पाक गळत होता. मी ती सगळ्यांदेखत कोंबड्यांना टाकली. बारा वर्षांची होते, पण राग शंभर वर्षांचा. सांजच्याला बाबानं मांडीवर दुपट्टा पसरला आणि हात आत घालून वाट पाहत बसला. मी समोर बसून होते. हात घातला नाही. त्यानं दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर मी त्या दुपट्ट्याखाली कधी हात घातला नाही. त्यानं दोन-चारदा पसरला, मी काही ना काही काम काढलं. लग्नात, निघायच्या वेळी, त्यानं दुपट्ट्याचं टोक माझ्या हातावर टाकलं. मी पदर सावरायचं निमित्त करून हात मागे घेतला. चिमण्याचं दावं मात्र मी घेऊन आले, पेटीच्या तळाशी लपवून. ते अजून शिलाई मशीनच्या खणात आहे. बापाशी बोलणं कधी तुटलं नाही हो. सणवार झाले, दुखणीखुपणी झाली, त्याला शेवटी मीच इथं घेऊन आले. लोक म्हणतात, पोरीनं बापाचं केलं. पण हात दिला नाही. चाळीसेक वर्षं हात दिला नाही. हे लोकांना कुठं दिसतं.

बाजार पुढे बंद पडला. कशानं, ते सांगत बसत नाही. आधी ट्रॅक्टर आले, मग माणसं यायची कमी झाली, मग एका सोमवारी बाबा गेला आणि दुपट्टा न पसरताच परत आला. तरी तो दुपट्टा खांद्यावर असायचाच. आजारपणात दवाखान्यात काढून ठेवला तर हा बाप्पा एका डोळ्यानं रडायला लागला. नर्सबाईनं छातीवर आणून टाकला तेव्हा गप्प झाला.

घरी आणला त्याच दिवशी दुपारी त्यानं माझा हात धरून दुपट्ट्याखाली ओढला. तीन बोटं धरली. मग चौथ्याचं पेर दाबलं. साडेतीन.

"काय साडेतीन, बाबा? साडेतीन वाजता काय?" तेवढ्यात कुकरची शिटी झाली, मी हात सोडवून उठले.

तीन दिवसांनी पुन्हा. या वेळी चार. मी चार गोळ्या दाखवल्या, चार केळी आणली, चौघा नातेवाइकांना फोन लावून त्यांचे आवाज ऐकवले. तो डोळे मिटून घ्यायचा. मग साडेचार. कधी दूध उतू जायचं, कधी फोन वाजायचा, मी उठायची. तो आणखी जोरानं ओढायचा, घाम फुटेपर्यंत दाबायचा, घशातून गर्रर्र असा आवाज काढायचा. मी बाहेर ओसरीवर जाऊन रडायची. देवा, ह्याला काय पायजे? कोणाचं काही घेतलंय का, कुठे काही ठेवलंय का, कोणाला भेटायचंय का? काय साडेचार? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, मेंदूचा भरवसा नाही, अर्थ लावत बसू नका. मी बरं म्हटलं. पण माझ्या बापाच्या बोटांनी उभ्या आयुष्यात एकदाही उगाच काही दाबलं नव्हतं.

परवा सकाळी पंजा झाला. पाचही बोटं. हात घामानं ओला होता, सुटत होता, तरी त्यानं सोडली नाहीत. आणि दाराची कडी वाजली. माझं फॉल-पिकोचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. गिऱ्हाईक होतं. "येती बाप्पा," म्हणून मी हात सोडवला. साडी घेतली. बाई घासाघीस करत होती, साठ कायचे, पन्नासात कर. दहा रुपयांसाठी मी तिच्याशी दहा मिनिटं भांडले. परत आले तर बाबानं तोंड भिंतीकडे केलं होतं. दुपारी मी हात पुढे केला. त्यानं धरला नाही. तेव्हा मी शेजारणीला त्याच्याजवळ बसवलं आणि एसटी पकडली.

चाचाच्या पोरांनी मैदानाच्या कडेला मोटरसायकलचं गॅरेज टाकलं आहे. चाचा तिथं बाहेर, एका फाटक्या सीटवर बसला होता. दाढी आता पांढरीच. डोळे बारीक करून म्हणाला, "कोनाची वो तू?" मी सांगितलं. "नामदेवची? दोन वेण्यावाली?" त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी भर रस्त्यात हमसून हमसून रडले. लाज गेली चुलीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं नाही, एवढंच म्हणाला, "उद्या येतो. त्याचा हात पाह्यल्याबिगर काही सांगत नसतो मी."

काल आला. काठी टेकत, एसटी स्टँडावरून चालत. बाबाला पाहून दारातच थबकला. "काय बे लबाडा," म्हणाला. बाबाचा एक डोळा वाहत होता. चाचानं बाजेशी स्टूल ओढलं, दुपट्टा नीट पसरला, बाह्या सारल्या आणि हात आत घातला. तीच जुनी बसण्याची तऱ्हा, नजर छताकडे. मला वाटलं, आता भाव बोलेल, आता उलगडेल. पण बाबानं आपला हात बाहेर काढला आणि छातीवर ठेवला.

चाचा हसला, डोळे पुसले. "पाह्यलं? म्हणते, तुह्याशी सौदा नाई." मग माझ्याकडे वळला. "आता मले बराबर सांग. पहिल्या दिवशी किती दाबलं?"

"साडेतीन."

चाचाचा चेहराच उतरला. "साडेतीन?" त्यानं बाबाकडे पाहिलं. "बेटी, हा तं चिमण्याचा भाव हाय. साडेतीनशे. मीच देल्ला होता, याच दुपट्ट्याखाली. तिसऱ्याले मालूम नोता. भोवऱ्याचं मी कापलं, यानं एक शब्द नाई काढला. मंग? साडेतीन दाबल्यावर तू काय केलं?"

"काय करू? कुकर झाला होता. हात काढून उठली."

"मंग चार?"

"हो."

"तवा?"

"दूध उतू गेलतं. हात काढला."

"अन् साडेचारले?"

मी सांगत गेले. फोन, गोळी, गिऱ्हाईक. चाचानं कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला. अवो पोरी, इतके सोमवार तू बाजारात काढले अन् हे नाई पाह्यलं? बोटं कोन धरते? घेनारा धरते. विकनाऱ्याचा हात नुसता आत राह्यते. अन् भाव पटला नाई तं विकनारा हात काढून घेते. ना म्हनाची तेवढीच रीत. तुह्या बापानं जिंदगीभर दुसऱ्याचे बैल इकले, सोतासाठी कधी कोनाचं बोट नाई धरलं. आता पहिल्यांदा घेऊन राह्यला, भाव वाढवून राह्यला बिचारा, साडेतीनचे चार, चारचे साडेचार, अन् तू त्याले दरवेळी ना म्हनून राह्यली."

कुकर. दूध. साठ रुपयांचा फॉल. सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"पण चाचा, चिमण्या कुठे आता? तुमीच तं घेतला. थो तं कधीचा गेला असन. मग हा काय घेऊन राह्यला माह्यापासून?"

"थे मले नोको विचारू," चाचा म्हणाला. "घेनाऱ्याले काय पायजे थे इकनाऱ्याले माहीत असते. मी दोघाईच्या मंधातला नाई." पंजाचं सांगितलं तेव्हा त्यानं आपलाच पंजा उघडून पाहिला. "पंजा," म्हणाला. "याच्यावर त्याच्यापाशी काही नसन आता." जाताना उंबऱ्यावर थांबला. "हात घातला तं काढू नोको. थो धरो का ना धरो. हात आत हाय तोवर सौदा मोडत नसते."

आज दुपारपासून माझा डावा हात दुपट्ट्याखाली आहे.

हात घालायच्या आधी मशीनचा खण उघडला. दावं काढलं. अंबाडी इतकी वाळली आहे की हाताला टोचते, लाल पट्टीचा रंग उडून मातकट झाला आहे, पण नाकाशी धरलं तर अजून त्याचा वास आहे. म्हणजे मला येतो. मी दाव्याचं वेटोळं केलं आणि दुपट्ट्याखाली बाबाच्या तळव्यावर ठेवलं, आणि त्यावर माझा हात. कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, घे नं. मले भाव नाई पायजे. दाव्यासकट घे." असं कोणी कधी विकलं नसेल त्या मैदानात.

त्यानं बोटं मिटली नाहीत. हात गार आहे. श्वास चालू आहे, तोंड भिंतीकडे आहे. मी वाट पाहिली. शाळा सुटली, पोरं ओरडत गेली, तरी वाट पाहिली. मग मला वाटलं, त्याचं देऊन झालं सगळं, आता त्यानं कुठून आणायचं? तेव्हा मीच बोटं धरली. घेणारी मी झाले. आधी एक धरलं, मग लाज वाटली एकाची. पाचही धरली. मग पुन्हा पाच. मग पुन्हा. तो दाबायचा तसंच दाबत राहिले, मोजणं कधी सुटलं कळलं नाही. काय घेऊन राह्यली मी? एक दिवस? एक सोमवार? तो मागेल तो भाव द्यायला बसले आहे आणि तो सांगत नाही. त्याच्या हातानं मला धरलेलं नाही, पण त्यानं तो काढूनही घेतलेला नाही. काढायची ताकद उरली नाही म्हणून, का पटलं म्हणून, हे मला कळायचा आता काही रस्ता नाही.

दाराची कडी वाजते आहे. कोणीतरी साडी घेऊन आलं असेल. "अवो बाई, हाय का घरात?" हाक पण येते आहे. वाजू दे. मी उठणार नाही.